रग्बीवर हँडिकॅप लावताना : एका हंगामाचा अनुभव

दहा पौंड लावायला गेलो आणि बेटिंग ॲपने सांगितलं, कमाल रक्कम ८५ पेन्स. कारण नाही, आधी सूचना नाही. चॅटवर विचारलं तर जो येईल तो ‘ट्रेडिंग विभागाचा निर्णय’ एवढंच चिकटवून जातो. इथे युकेत बुकींना तशी मुभा आहे, पण मग हरत होतो तेव्हा मर्यादा का नव्हती? या एका गोष्टीमुळे चांगल्या ॲपला मी दोनच तारे देतोय.

पद्धतीबद्दल मात्र तक्रार नाही. मी फक्त हँडिकॅप घेतो, म्हणजे तगड्या संघाच्या गुणांतून ठरलेले गुण वजा करून (किंवा कमजोर संघाला तेवढे अधिक देऊन) बेटचा निकाल धरतात, आणि तोही अर्ध्या गुणाचा. नुसतं कोण जिंकणार यावर पैसे लावणं परवडत नाही, कारण तगड्या संघाचा भाव फारच कमी असतो. ट्राय ५, कन्व्हर्जन २, पेनल्टी ३ असा गुणांचा हिशेब असल्यामुळे सामन्यातला फरक ३ आणि ७ वर वारंवार येऊन थांबतो. म्हणून -६.५ (सात गुणांनी जिंकलं तरी चालतं) आणि -७.५ (आठ लागतात) मधला एक गुण कागदावर दिसतो त्यापेक्षा कितीतरी महाग असतो. -६.५ साठी भाव थोडा कमी मिळाला तरी मी तोच घेतो.

बाद फेरीत उलट बाजू, म्हणजे कमजोर संघ अधिक गुणांसह. २०२३च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला २९-२८, इंग्लंडला १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. तिन्ही वेळा एकच गुण! सेमीफायनलला इंग्लंडवर अधिक गुण घेऊन बसलेल्यांचा संघ हरला, पैसे मात्र मिळाले. एक लक्षात ठेवा, बेटचा निकाल सहसा ८० मिनिटांवर लागतो, जादा वेळ धरत नाहीत. नियम आधी वाचा.

लाल कार्डाबद्दल माझं मत हंगामात बदललं. सुरुवातीला वाटायचं की कार्ड पडलं की लगेच समोरच्या संघावर लावावं. पण सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) २०२५पासून वीस मिनिटांनी बदली खेळाडू आत येऊ शकतो, त्यामुळे तो फायदा आटला. शिवाय टीएमओ (व्हिडिओ बघणारा पंच) तपासत असतो तेव्हा बेटिंग बंद, आणि उघडतो तेव्हा भाव बदललेला. चालू सामन्यात आता मी हात घालत नाही.

त्याऐवजी संघ जाहीर होण्याची वाट बघतो. पहिल्या पंधरापेक्षा बेंच (राखीव खेळाडू) आधी वाचतो, कारण शेवटच्या वीस मिनिटांत ताजे फॉरवर्ड आले की हँडिकॅप तिथेच फुटतो. प्रशिक्षक बदलला असेल तर मोठ्या लाइनपासून (हँडिकॅपच्या आकड्यापासून) लांब राहतो. २०२५मध्ये प्रशिक्षक वॉरन गॅटलंड गेल्यावर वेल्स कार्डिफमध्ये आयर्लंडकडून १८-२७ असं नऊ गुणांनीच हरलं. तीन आठवड्यांनी त्याच मैदानात इंग्लंडने त्यांना ६८-१४ धुतलं. अशा संघाची लाइन कोण कशी ठरवणार?

पैशांचं सांगायचं तर दोन्ही बाजूंना साधारण १.९१ भाव असतो (एक पौंड लावून जिंकलं तर एकूण १.९१ परत), म्हणजे शंभरातल्या जवळपास ५३ बेट जिंकल्या तरच खिशातून जात नाही. त्यामुळे ठरलेली छोटी रक्कम, दरवेळी तेवढीच, आणि डिपॉझिटची मर्यादा पहिल्याच दिवशी लावून टाकायची. भारतातल्या मित्रांनी या भानगडीत पडू नये, तिथे २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद आहेत.

आता मी एक्स्चेंजवर गेलोय, जिथे बुकीऐवजी दुसऱ्या बेट लावणाऱ्यांविरुद्ध पैसे लावतात. जिंकलेल्या रकमेवर कमिशन कापतात, पण लावायच्या रकमेवर कुणी हात धरत नाही. अडचण एवढीच की इंग्लंडच्या क्लब लीगच्या सामन्यांना तिथे समोर पैसे लावणारं फारसं कुणी नसतं. म्हणून क्लबचे सामने किकऑफच्या अर्धा तास आधी उघडून बघतो, आणि -६.५ ला नीट भाव नसेल तर सोडून देतो.