पायडीएमडी वापरून बघितलं: मोड तीन ओळींत, अक्कल तीन आठवड्यांनी

पीओडीसाठी, म्हणजे प्रवाहाचा डेटा थोड्या मूळ आकृत्यांत (मोडांत) फोडण्यासाठी, मी कधी पॅकेज शोधलं नाही. सरासरी वजा करा, एसव्हीडीची (मॅट्रिक्स फोडण्याची) एक ओळ लिहा, झालं. पण लम्लींनी १९६७मध्ये प्रक्षुब्ध प्रवाहासाठी आणलेली ही पद्धत मोड लावते ते ऊर्जेच्या क्रमाने, त्यामुळे एकाच मोडमध्ये तीन-चार वारंवारता खुशाल गुण्यागोविंदाने नांदतात. मला हवी होती एका मोडला एकच वारंवारता. म्हणजे श्मिड यांची २०१०ची डीएमडी (डायनॅमिक मोड डीकॉम्पोझिशन), आणि ती पायथनमध्ये आयती मिळते म्हणून पायडीएमडी हे पॅकेज. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे.

माझा डेटा पीआयव्हीचा, म्हणजे पाण्यातल्या कणांच्या फोटोंवरून मोजलेल्या वेगांचा. पाण्यात १० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर, सेकंदाला १०० फ्रेम, एकूण २००० फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये वेगाचे ३२,००० आकडे. सगळं मिळून मेमरीत अर्धा जीबी. लॅपटॉपने कुरकूर केली नाही. रँक (मोडांची संख्या) शून्य दिली की किती मोड ठेवायचे ते पॅकेजच ठरवतं. (काळाचा अक्ष शेवटी हवा. मी तो आधी ठेवला होता आणि आलेल्या मोडांकडे अर्धा दिवस कौतुकाने बघत बसले.)

सिलिंडरमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ६.३ हर्ट्झचा मोड अगदी सुरेख आला. स्ट्रूहाल क्रमांक (वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) ०.२१, अपेक्षेप्रमाणे. मग आयगेनव्हॅल्यूचं माप बघितलं: ०.९८. एक म्हणजे मोड ना वाढतो ना विरतो. दिसायला एकच्या किती जवळ! पण हे दर फ्रेमला गुणायचं असतं. ३४ फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या एका तृतीयांशात, मोड निम्मा. टाकीत मात्र तेच भोवरे २० सेकंद बिनतक्रार सुटत होते.

यात दोष पॅकेजचा नाही. साध्या डीएमडीत मोजमापातला नॉईज आयगेनव्हॅल्यूंना एकक वर्तुळाच्या (जिथे माप बरोबर एक असतं) आत ओढतो, आणि फ्रेम वाढवूनही ही ओढ जात नाही. मी मात्र आणखी फ्रेम घेण्यात दोन आठवडे घालवले.

सुटका झाली ती याच पॅकेजमधल्या बीओपीडीएमडीने. ती सगळ्या फ्रेमना एकदम घातांकी वक्र बसवते, डेटाचे तुकडे निवडून तेच पुन्हा पुन्हा करते, आणि प्रत्येक आयगेनव्हॅल्यूसोबत तिची अनिश्चितताही हातात देते. मला या पॅकेजात सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट. वेळ पुष्कळ लागतो, फ्रेमच्या वेळाही वेगळ्या द्याव्या लागतात. शिवाय इथल्या आयगेनव्हॅल्यू सतत काळातल्या असतात. एकक वर्तुळावर शोधाल तर सापडणार नाहीत, वास्तव भाग (वाढ-घटीचा दर) शून्याजवळ आहे का ते बघायचं. माझा आला, अनिश्चिततेच्या आत.

उरलेला खदखदणारा भाग, ज्याला ठाम वारंवारताच नाही, त्याला डीएमडीच्या मोडांत कोंबू नका. तिथे स्पेक्ट्रल पीओडी (दर वारंवारतेची वेगळी पीओडी) लागते, आणि ती इथे नाही. त्यासाठी मी पायएसपीओडी हे दुसरं पॅकेज उतरवून घेतलंय.