३ टनी ट्रॉली जॅक आणि स्टँडचा सेट, शिकाऊ पोरांसोबत एक वर्ष वापरल्यानंतर

गॅरेजात काम करून मला १४ वर्षं झाली, सध्या माझ्या हाताखाली दोन पोरं शिकतायत, आणि त्यांच्यासाठी म्हणून हा सेट मुद्दाम वेगळा घेतला होता. आत काय येतं तर एक ३ टनी ट्रॉली जॅक (चाकांवर ढकलायचा), उचललेली गाडी टेकवून ठेवायचे खाचा असलेले दोन स्टँड, चाकं गडगडू नयेत म्हणून लावायचे रबराचे दोन चॉक आणि एक घडीचा कागद ज्याला ते माहितीपत्रक म्हणतात. कंपनीचं नाव टाकत नाही कारण हाच माल चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकायला असतो, रंग तेवढा बदलतो, त्यामुळे नाव बघण्यापेक्षा खाली मी जे लिहितोय ते हातात घेऊन तपासा.

सुरुवात स्टँडपासून करतो, जॅकपासून नाही. कारण बहुतेक जण उलटं करतात, जॅकवर सगळे पैसे घालवतात आणि स्टँडच्या जागी विटा नाहीतर ठोकळे रचतात. वीट कधीच लावू नका, वीट आधी तडकून इशारा देत नाही, एकदम फुटते. या सेटमधले स्टँड मात्र खरंच चांगले निघाले. पाय जाड पत्र्याचे, वेल्डिंग चारही बाजूंनी पूर्ण फिरवलेलं, मधला दांडा ओतीव आणि खाचा स्वच्छ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरी लॉक पिन दिलीय. नुसता खाचेवर अडकणारा खटका असतो ना, तो अर्धवट बसू शकतो, म्हणजे दाताच्या टोकावर टेकतो, वरून बघायला सगळं ठीक वाटतं, गाडी पण उभी राहते आणि मग कोणी दार आपटलं किंवा जाम नटवर जोर मारला की दांडा खाली येतो. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने ३ आणि ६ टनी स्टँड मोठ्या संख्येने परत मागवले ते याच कारणाने, खटका खाचेतून सुटत होता, आणि बदली म्हणून जे दिले त्यातल्या काहींचं पुढे वेल्डिंग सदोष निघालं. म्हणून नवा स्टँड हातात आला की पहिल्यांदा वेल्डिंग बघायचं, नवा आहे म्हणून सोडायचं नाही.

पोरांना मी असं शिकवलंय. दांडा वर ओढायचा, खटका सोडायचा, मग दोन्ही हातांनी दांड्यावर जोर देऊन खाली दाबायचं, खट असा आवाज आला पाहिजे, मग पिन घालायची आणि मगच स्टँड गाडीखाली सरकवायचा. या स्टँडची एक कुरकुर आहे, पिन प्रत्येक खाचेला बसत नाही, एखादी खाच वरखाली करावी लागते, आणि घाईत असलं की पोरगं पिन तशीच लोंबकळत ठेवून पुढे जातं. दोनदा पकडलंय मी. कंपनीने भोकं नीट जुळवायला पाहिजे होती, याचा अर्धा मार्क कापतो.

आता जॅक. उचलायला मस्त आहे, खोटं नाही बोलणार. साधारण १३ सेंटिमीटर ते ४६ सेंटिमीटर जातो, रिकाम्या जॅकला पहिले दोन-तीन पंप जोरात वर घेतात, गाडीला टेकला की मग हळूहळू. वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा भाग, मोठी आहे आणि वर रबराचं पॅड आहे त्यामुळे साईडच्या पत्र्याची कड चेपत नाही. वजन ३० किलोच्या वर आहे, एकट्याने उचलायचा नाही, ढकलत न्यायचा.

पण जॅक म्हणजे आत काय आहे हे शिकाऊ पोराला एकदा तरी उघडून दाखवायलाच पाहिजे. छोटा पिस्टन तेल ढकलतो, तेल मोठ्या पिस्टनखाली जातं, तेल दाबलं जात नाही म्हणून गाडी वर जाते, आणि ते तेल परत येऊ नये म्हणून आत एक छर्रा असतो जो आपल्या सीटवर बसतो. म्हणजे गाडीचं तेवढं वजन शेवटी कशावर उभं आहे, तर रबराच्या एका सीलवर आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान छर्ऱ्यावर. त्या छर्ऱ्याखाली केसाएवढा कचरा आला की तेल गळायला लागतं, बाहेर नाही, आतल्या आत, म्हणजे फरशीवर एक थेंब दिसत नाही आणि गाडी खाली येत असते.

हे मला माहितीय कारण मी शिकाऊ असताना असंच झालं होतं. पुढचं चाक काढलेलं, ब्रेकचं काम, गाडी नुसत्या जॅकवर, आणि मी आडवा होऊन आत हात घातलेला. १४चा पाना हाताशी नव्हता म्हणून तो आणायला बाहेर आलो, पाना शोधला, वळून बघतो तर डिस्कची कड फरशीला टेकलेली. आवाज नाही, धक्का नाही, नुसती बसली होती गाडी. आमचे उस्ताद आले, बघितलं, एक शब्द बोलले नाहीत, कोपऱ्यातून दोन स्टँड उचलून माझ्या पायाशी आणून ठेवले आणि निघून गेले. त्या दिवसापासून मी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली बोट पण घातलेलं नाही.

म्हणून या जॅकची मी एक चाचणी घेतली, नवा असताना आणि परत आठ महिन्यांनी. गाडी उचलली, सुरक्षेसाठी स्टँड थोडा खाली लावून ठेवला म्हणजे पडली तर त्याच्यावर येईल, आणि फरशीपासून साईडच्या कडेपर्यंत टेपने माप घेऊन खडूने लिहिलं. एका तासाने परत मोजलं. नवा असताना जवळजवळ काही फरक नव्हता, दोन-तीन मिलिमीटर असेल. आठ महिन्यांनी तोच जॅक, तीच गाडी, एका तासात तीन सेंटिमीटर. म्हणजे आत छर्रा नाहीतर सील दमायला लागलंय. जॅक वाईट आहे असं मी म्हणत नाही, हे प्रत्येक जॅकचं होतं, कोणाचं लवकर कोणाचं उशिरा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

अजून एक गोष्ट जी कागदावर कुठेच लिहिलेली नाही. ट्रॉली जॅकचा वाटी उचलणारा दांडा सरळ वर जात नाही, कमानीत जातो, म्हणजे वाटी वर जाताजाता मागेपुढे पण सरकते. गाडी तर जागेवर आहे, मग जॅकलाच चाकांवर थोडं पुढे सरकावं लागतं. खाली खडी असली किंवा फरशीची भेग असली किंवा कोणी जॅकच्या चाकाखाली फडकं विसरलं असलं की जॅक सरकत नाही, मग वाटीच गाडीखालून घसरते. दोघा शिकाऊंतल्या लहान पोराला पहिल्या आठवड्यात मी हे करून दाखवलं, चाकाजवळ खाली वाकून बघायला लावलं, पंप मारला की चाक इवलंसं पुढे जातंय की नाही. आता तो दर वेळी स्वतःच वाकून बघतो. डांबरावर उन्हात काम असेल तर जॅक आणि स्टँड दोन्हीखाली जाड प्लायवूड टाका, स्टँडचे पाय डांबरात रुततात आणि एकाच बाजूने रुतले की कललाच.

चॉक बेकार आहेत. हलकं रबर, पोकळ, तळाला पकड नाही, गुळगुळीत फरशीवर लाथ मारली तर घसरत जातात. मी पहिल्याच दिवशी बाजूला टाकले आणि भरीव रबराचे जड आणले. चॉकला कोणी महत्त्व देत नाही, म्हणतात हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, अजून काय पाहिजे. तर ऐका. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तुम्ही मागची बाजू उचलली की हँडब्रेक हवेतल्या चाकांना धरून बसलाय, जमिनीवरच्या नाही. आणि गिअरचं म्हणाल तर पुढची चाकं ओढणारी गाडी असेल आणि तुम्ही पुढचं एकच चाक उचललं, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं पण मग गडगडू शकतं, गिअरमध्ये असूनसुद्धा. ऑटोमॅटिक गाडीच्या पी ला, म्हणजे पार्किंगच्या लॉकला, पण हेच लागू. हे मी पोरांना खडूने फरशीवर काढून समजावलं तेव्हा मोठा म्हणाला, "दादा, मग इतके दिवस आपण नशिबावर होतो का?" मी म्हटलं हो, म्हणून तर चॉक. जी बाजू उचलायची तिच्या विरुद्ध बाजूच्या चाकांना, पुढून आणि मागून दोन्हीकडून.

माहितीपत्रकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, चित्र पुसट, मजकूर घोळाचा. पण त्यात दोन गोष्टी असायलाच हव्या होत्या. एक म्हणजे जॅक नेमका कुठे लावायचा. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात जागा दिलेल्या असतात, साईडच्या कडेला पत्र्यात खुणा असतात, किंवा मधला मजबूत क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीखालचा आडवा दांडा. चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली, लावला तर चेंबर फुटतो, पत्र्याच्या तळाला लावला तर तळ आत जातो, माझ्याकडे अशी चेपलेली चेंबर दुरुस्तीला येत असतात आणि चेंबर चेपला की ऑइल ओढणारी जाळी त्याला चिकटते आणि इंजिनला ऑइल कमी पडतं, म्हणजे पंक्चर काढायला गेलेला माणूस इंजिन गमावू शकतो. दुसरं म्हणजे स्टँडवर लिहिलेलं वजन एका स्टँडचं की जोडीचं. आमच्यावर बारीक अक्षरात जोडीचं लिहिलंय. छोट्या गाडीला अडचण नाही, पण जड गाडीची मागची-पुढची बाजू घ्यायची असेल तर हा फरक धरून चाला.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, वर गेल्यावर जाम नटवर लटकायचं नाही. बसवताना पण वर हाताने लावायचे, समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचा ताण गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे किती ताण दिला ते दाखवणाऱ्या पान्याने. बऱ्याच छोट्या गाड्यांना ९० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास लागतो पण गाडीचं पुस्तक बघा, अंदाजाने नाही. पायाने पान्यावर उभं राहून आवळणारी माणसं मी बघितलीत, त्याने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, ताणले जातात. निघालेलं चाक मी साईडच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायला लावतो, सगळं फसलं तरी गाडी चाकावर येते, माणसावर नाही. आणि स्टँडवर टेकवल्यावर, खाली शिरायच्या आधी, बाजूला उभं राहून गाडी हाताने जोरात हलवायची. हलली किंवा कुरकुरली तर परत उचला आणि परत बसवा.

या जॅकचा उतरवायचा व्हॉल्व्ह फार नाजूक आहे. पंप मारायचा हातातला दांडा डावीकडे फिरवला की पाव फेऱ्यात काही होत नाही आणि मग एकदम सुटतो. सुरुवातीला मोठ्या पोराने असाच फिरवला आणि गाडी धपकन खाली आली, कोणी जवळ नव्हतं. त्यानंतर आमच्यात नियम झाला, दांडा ज्याच्या हातात तो मोठ्याने ओरडणार "खाली घेतोय", सगळ्यांनी हात दाखवायचे आणि मगच फिरवायचं. शिकाऊसाठी जॅक घेत असाल तर दुकानातच दोन-तीनदा वजन टाकून उतरवून बघा, हा व्हॉल्व्ह सावकाश सुटणारा पाहिजे.

देखभालीचं. जॅकच्या हातातल्या दांड्याच्या जोडाचे बोल्ट तीन महिन्यांत ढिले झाले, परत आवळले, आता महिन्याला बघतो. पंप मऊ लागला, स्पंजसारखा, तर आत हवा आहे, वजन न ठेवता व्हॉल्व्ह उघडून दहा-बारा पंप मारा, मग बंद करा. तेल कमी झालं तर जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल भरा, ब्रेक ऑइल अजिबात नको, ते जॅकची सीलं फुगवतं आणि मग जॅक कायमचा गेला. आम्ही आता सील किट मागवलंय, सीलं बदलली की तीच खडूची चाचणी परत घेणार.

मार्क विचाराल तर स्टँडला पाचपैकी साडेचार, जॅकला साडेतीन, चॉकला शून्य. पैसे कमी असतील तर सेट न घेता आधी असे पिनवाले स्टँड सुटे घ्या आणि जॅक नंतर. आणि गाडी खाली टेकलेली, बुटकी असेल तर १३ सेंटिमीटरचा हा जॅक तिच्याखाली जाणारच नाही, आधी टेप घेऊन साईडची उंची मोजा, एखादं चाक पंक्चर असताना पण, कारण तेव्हा ती अजून खाली बसलेली असते.