तिळगूळ घेतला आणि ९६० तास गेले

जानेवारीच्या शेवटी नवऱ्याने टॅक्सचे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले होते. मी कांदा चिरत होते. "तुझा डब्ल्यू-२ कुठंय? हा तर १०९९ आलाय," तो म्हणाला. (डब्ल्यू-२ म्हणजे अमेरिकेत पगारी कर्मचाऱ्याला मालक देतो तो वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म.) मी म्हटलं, फॉर्मचं नाव काहीही असो, पैसे मिळाले ना? तो गप्प बसला आणि फोनवर काहीतरी शोधायला लागला. मग कांदा तसाच राहिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅलिफोर्नियात नवराबायकोंचं, कुटुंबांचं समुपदेशन करायला एलएमएफटी (लायसन्स्ड मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट) हा परवाना लागतो. (आई अजून विचारते, "बोलायला कसला गं परवाना?") आधी ६० युनिटची मास्टर्स. मग बोटांचे ठसे देऊन बोर्डाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ बिहेविअरल सायन्सेसकडे, असोसिएट म्हणून नोंदणी. मग देखरेखीखाली ३,००० तास काम, तेही किमान १०४ आठवड्यांत पसरलेलं. त्यातले १,७५० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसून, आणि त्यातही ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलं यांच्याबरोबर. शिवाय दोन परीक्षा. मी पुण्याहून आलेली, अडतिशीत पुन्हा वर्गात बसलेली बाई. पदवीनंतर ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज गेला नाही तर पदवी ते नोंदणी यांच्या मधले तास बुडतात, हे कळल्यावर मी नव्वदातल्या अकराव्या दिवशीच अर्ज टाकला होता. इतकी मी काटेकोर.

पण असोसिएटला नोकरी लवकर मिळत नाही. सात महिने मी अर्जच करत होते. अशात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक ताई भेटल्या. स्वतःचं छोटं क्लिनिक, दोन खोल्या, एक कुंडीतला मनीप्लांट. तिळगूळ हातावर ठेवत म्हणाल्या, "अगं, मराठी बोलणारी थेरपिस्ट मी किती दिवस शोधतेय! सासूसासरे सहा महिने राहायला आले की इथल्या घराघरांत काय होतं, ते गोऱ्या माणसाला कुठून कळणार?" खरंच होतं ते. त्या वर्षात मी जे ऐकलं, त्यातलं निम्मं मराठीतच सांगता येण्यासारखं होतं. फेब्रुवारीत रुजू झाले.

पंधरा दिवसांनी चेक यायचा. कापाकापी काही नाही. मी खूश! पुढे खोलीचं भाडं म्हणून महिन्याला १५० डॉलर त्या वळते करून घ्यायला लागल्या. "सगळे असंच करतात गं," म्हणाल्या. मला जरा खटकलं, पण ताईंशी पैशांवरून काय वाद घालायचा? इथेच मी फसले. परक्याच्या क्लिनिकमध्ये मी पहिल्याच दिवशी कागद मागितला असता.

आता त्या १०९९ चा अर्थ. त्यांनी मला नोकरीवर ठेवलेलंच नव्हतं. कागदोपत्री मी स्वतंत्र कंत्राटदार होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात असोसिएटला कंत्राटदार म्हणून काम करताच येत नाही. एकतर पगारी कर्मचारी, नाहीतर विनामोबदला स्वयंसेवक. पगारी असाल तर तास दाखवताना बोर्ड त्या वर्षाचा डब्ल्यू-२ मागतं. माझ्याकडे तो नव्हता आणि मिळणारही नव्हता. खोलीभाड्याचंही तसंच. मालकाच्या जागेचं भाडं, सामान, खर्च असोसिएटने उचलायचा नाही, असं कायद्यात साफ लिहिलंय. आणि वर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर माझ्याच माथी. म्हणजे मालकाने भरायचा वाटासुद्धा मीच भरला.

फोन केला तर ताई म्हणाल्या, "अगं, तुझा टॅक्स वाचावा म्हणून केलं. साप्ताहिक नोंदींवर माझी सही आहे ना, मग काळजी कसली?" त्या सह्यांचे कागद मी टेबलावर पसरले. अठ्ठेचाळीस आठवडे, प्रत्येकाखाली तीच हिरव्या शाईची सही. आठवड्याला सरासरी वीस तास. बेरीज केली, ९६०. बोर्डाच्या लेखी शून्य.

डब्ल्यू-२ द्या म्हटल्यावर त्यांनी उत्तरं देणं बंद केलं. कामगार आयुक्तांकडे वेतनाचा दावा लावलाय. भाड्याचे पैसे सुटतील असं वाटतं, पण तास परत देणारा दावा कुठेच लावता येत नाही. आणि अर्ज करायच्या आधीच्या सहा वर्षांतलेच तास धरले जातात, त्यामुळे घड्याळ टिकटिकतंय ते वेगळंच.

आता मी एका सेवाभावी संस्थेत आहे. पगार कमी, पण पहिल्याच पगाराच्या पावतीवर कर कापलेला दिसला तेव्हा मी तिचा फोटो काढला, नवरा हसला. या वेळी सुपरवायझरचा परवाना क्रमांक राज्याच्या साइटवर तपासला. परवाना चालू आहे ना, कारवाई झालीय का, मिळून दोन वर्षं झालीत ना, सगळं. ताईंचा परवाना मी कधी पाहिलाच नव्हता. तो होता, चालू होता. म्हणून तर जास्त राग येतो. साप्ताहिक नोंदीची प्रत आता दर शुक्रवारी घरी आणते.

हे लिहायचं कारण वेगळंच. परवा कोल्हापूरच्या एका मुलीचा फोन आला, नुकतीच पदवी झालेली. हळदीकुंकवात एका ताईंनी काम देऊ केलंय, कसं वाटतं तुम्हाला, म्हणून विचारत होती. मी नाव विचारलं नाही. पगार कसा देणार, एवढंच विचारलं.

"सरळ चेक," ती म्हणाली. "म्हणे कापाकापी काही नाही."