ऑगस्टाचं मास्टर्स: पहिल्यांदा जाताय तर सरावाचा दिवस मागा

टीव्हीवर मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा पाहणाऱ्याला मिनिटागणिक एक फटका दिसतो, कारण अठरा होलवरच्या (होल म्हणजे मैदानाचा एक टप्पा, शेवटी चेंडू घालायचा खड्डा) कॅमेऱ्यांतून वेचक तेवढं कोणीतरी निवडून पुढे सरकवत असतं. जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानावर दोरीपाशी उभ्या असलेल्याला असं वेचून देणारं कोणी नाही. खेळाडूंचा एक गट गेला की पुढचा यायला अकरा-बारा मिनिटं. जवळ फोन नाही, मैदानावर मोठा पडदा नाही, समालोचन नाही. हे आधीच मान्य करून गेलात तर इतकी नीट चालवलेली क्रीडास्पर्धा दुसरी सापडणं कठीण. नाहीतर दुपारी दोनलाच घरच्यांचं 'चला, दुकानात जाऊ' सुरू होतं.

अटलांटाहून ऑगस्टा साधारण १४५ मैल, आय-२० महामार्गावरून सव्वादोन-अडीच तास. त्यामुळे अटलांटा आणि शार्लट परिसरातल्या मराठी मंडळींना ही सहल एका दिवसात जमते. त्या आठवड्यात ऑगस्टातल्या हॉटेलांचे भाव पाहिले तर एका दिवसातच करावी. अगदी राहायचंच असेल तर दक्षिण कॅरोलायनातलं कोलंबिया साधारण सत्तर मैलांवर आहे, ते पाहा.

तिकिटाचा सरळ मार्ग एकच. मास्टर्सच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि १ ते २० जूनच्या दरम्यान पुढच्या एप्रिलसाठी अर्ज करायचा. अर्जाला पैसे पडत नाहीत. सगळ्या दिवसांवर खूण करता येते, पण सोडतीत नंबर लागलाच तर एकाच दिवसाचा लागतो. एकाच घरातून चार नावांनी चार खाती उघडण्याचा शहाणपणा करू नका, अर्ज बाद होतात. २०२५ मध्ये सरावाच्या दिवसाचं तिकीट १०० डॉलर होतं आणि स्पर्धेच्या दिवसाचं १४०. बाहेरच्या दलालांकडे हेच तिकीट हजारांत जातं, आणि क्लबच्या लेखी ते विकत घेतलेलं तिकीट बेकायदाच. पकडलं गेलं तर तिकीट रद्द, पैसे पाण्यात. गोल्फ नवीन असेल तर त्या फंदात मुळीच पडू नका. सोडत लागेपर्यंत दर जूनमध्ये अर्ज करत राहायचं, एवढंच.

अर्ज करताना मात्र रविवारच्या मागे लागू नका. मास्टर्स एप्रिलच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात असतं: सोमवार ते बुधवार सराव, गुरुवार ते रविवार स्पर्धा. पहिल्यांदा गोल्फ पाहणाऱ्यासाठी मंगळवार सगळ्यांत फायद्याचा. सोमवारी काही मोठे खेळाडू अजून पोचलेले नसतात आणि स्मरणवस्तूंच्या दुकानाला उसळलेली गर्दी असते. बुधवारी दुपारी बहुतेक जण नऊ होलच्या छोट्या मैदानावरच्या पार-३ (पार म्हणजे त्या होलला अपेक्षित फटके) स्पर्धेकडे वळतात आणि मुख्य मैदान ओस पडतं. ही स्पर्धा १९६० पासून आहे. खेळाडूंची पोरं पांढरा डगला घालून कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे सोबती, होतात. मुलं बरोबर असतील तर हा दिवस छानच, पण गोल्फ समजून घ्यायचं असेल तर नाही.

सरावात एकच खेळाडू एकाच जागेवरून तीन-चार चेंडू मारतो. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, झेंडा आज जिथे आहे तिकडे तो ढुंकूनही बघत नाही. रविवारी झेंडा जिथे असेल असा त्याचा अंदाज असतो तिथे चेंडू सोडतो आणि उतार कुठे नेतो ते पाहतो. सोळाव्या ग्रीनवर हे अगदी उघड दिसतं. चेंडू उजवीकडे उंचावर पडतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मग वळण घेत डावीकडे खाली घरंगळत येतो. रविवारी झेंडा बहुधा त्याच डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो, म्हणून इथे एका फटक्यात होल करणारे इतके सापडतात. याच सोळाव्यावर सरावात प्रेक्षक ओरडून मागणी करतात आणि खेळाडू तळ्याच्या पाण्यावरून चेंडू टप्पे देत पलीकडे काढतात. शिवाय सोमवार ते बुधवार साधा कॅमेरा नेता येतो. गुरुवारपासून तोही बंद.

आता फोन. तो गाडीतच ठेवायचा. फाटकावर विमानतळासारखी तपासणी असते, तिथे लपवाछपवी चालत नाही. टॅब्लेट, लॅपटॉपही नाही. नियम सगळ्यांना ठाऊक असतो, त्याचे परिणाम मात्र आत गेल्यावर लक्षात येतात. फोनमधून पैसे देता येत नाहीत, म्हणून खरंखुरं कार्ड खिशात हवं. मनगटी घड्याळ हवं. गाडी कुठल्या वाहनतळावर, कितव्या रांगेत लावली ते कागदावर लिहून घ्या, कारण संध्याकाळी गवतावर हजारो गाड्या सारख्याच दिसतात. बायको-नवऱ्याचा नंबर पाठ नसेल तर तोही त्याच कागदावर. मैदानात क्लबचे फुकट फोन आहेत, पण तुमच्या माणसाचा फोनही गाडीतच असतो हे विसरू नका. भेटायची वेळ आणि जागा आधी ठरवा. क्लब हाऊसजवळचं मोठं ओकचं झाड ही रूढ जागा, म्हणूनच तिथे नेमकी गर्दी. लीडरबोर्डची, म्हणजे गुणफलकाची, एखादी बाजू ठरवलेली बरी.

पिशवी १० बाय १० बाय १२ इंचांहून मोठी नको. बाहेरचं खाणंपिणं नको, म्हणजे डब्यातले ठेपले गाडीतच. बाबागाडी नको. पुढच्यांच्या डोक्यावरून पाहायला पेरिस्कोपही चालत नाही. त्यामुळे ठेंगण्या माणसाची आणि मुलांची तीन रांगांमागे पंचाईतच होते. या मैदानाची खरी गैरसोय हीच. त्यावर तोडगा म्हणजे सपाट जागा सोडून टेकडीचा उतार शोधणे.

आत शिरताना दोन गोष्टी फुकट मिळतात, त्या घ्याच: प्रेक्षकांसाठीची नकाशा असलेली पुस्तिका आणि, स्पर्धेच्या दिवशी, कोणता गट किती वाजता सुटणार त्याचा कागद. या कागदावरच अख्ख्या दिवसाचा हिशेब बसतो. पहिला गट पावणेआठच्या सुमाराला सुटला तर सहाव्या होलवर तो नऊच्या आसपास येतो, बाराव्यावर साडेदहाच्या, अठराव्यावर साडेबाराच्या. म्हणजे सकाळी सातला अठराव्याच्या ग्रीनपाशी बसकण मारणाऱ्याला पाच तास गवत पाहावं लागतं.

पण बसकण मारावी लागत नाही, ही इथली खरी गंमत. क्लबची हिरवी घडीची खुर्ची आत विकत मिळते. स्वतःची नेली तर तिला कडक हात नसावेत. ती हव्या त्या ग्रीनपाशी खुर्च्यांच्या जागेत मांडायची, पाठीवर नावाची चिठ्ठी लावायची आणि खुशाल भटकायला जायचं. चार तासांनी या, खुर्ची तिथेच. मधल्या वेळात कोणी टेकलं असेल तर तुम्हाला पाहून उठतं. खुर्ची मांडायला धावायचं मात्र नाही. या मैदानावर धावायला मनाई आहे, त्यामुळे फाटक उघडल्यावर मोठमोठी माणसं हात जोरजोरात हलवत शक्य तितक्या वेगाने चालताना दिसतात.

खुर्ची कुठे? बाराव्याचं नाव सगळे घेतात. १५५ यार्डांचा पार-३, पुढे रेज क्रीक, खालच्या कोपऱ्यात गरगरणारा वारा. पण प्रेक्षकांना फक्त टीच्या, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे जागा आहे, ग्रीन पाण्यापलीकडे. पट (ग्रीनवर चेंडू खड्ड्याकडे ढकलणारा फटका) चुकला की बसला हे दुर्बिणीशिवाय कळत नाही. इथे तासभर स्टँडमध्ये बसा, तिथून अकराव्याचं ग्रीन आणि तेराव्याचा भागही दिसतो. खुर्ची मात्र सोळाव्याला ठेवा. सहाव्याचं ग्रीन सोळाव्याच्या शेजारीच आहे, म्हणून एका जागेवरून दोन होल पदरात पडतात. सहाव्याची टी उंचावर आणि प्रेक्षक तिच्या पुढच्या उतारावर बसतात; चेंडू अक्षरशः डोक्यावरून जातो. मोजून सांगायचं तर सगळ्यांत कमी गर्दीत सगळ्यांत जास्त आनंद देणारी जागा तीच.

नवख्याला पहिला तासभर चेंडूच दिसत नाही. बाजूला उभं राहिलं की तो दिसणारही नाही. खेळाडूच्या पाठीमागे, फटक्याच्या रेषेत उभे राहा आणि नजर हातातल्या काठीवर (तिलाही क्लबच म्हणतात) न ठेवता टीच्या वरच्या आभाळावर ठेवा. सकाळी अर्धा तास सराव मैदानाच्या स्टँडमध्ये काढला तर डोळा बसतो. तिथे एकामागून एक चेंडू जातात, कोणाचा उंच, कोणाचा वळणारा, हे आपोआप कळू लागतं.

आवडत्या खेळाडूबरोबर अठराही होल चालायचं, हा बेत सोडा. मोठ्या नावांच्या गटाभोवती चार-पाच रांगा असतात. त्यांच्याबरोबर चालणाऱ्याला पाठी दिसतात. नेहमी एक फटका पुढे राहायचं. ते टीवर असताना आपण चेंडू जिथे पडेल तिथे, ते तिथे आले की आपण ग्रीनपाशी. असे तीन होल चालायचे आणि सोडून द्यायचं. बाकी वेळ कमी प्रसिद्ध गटांना द्या. तिथे कॅडीशी चाललेलं बोलणंही कानावर येतं. 'डावीकडचा वारा, अर्धा क्लब जास्त' असली वाक्यं टीव्हीवर क्वचितच पूर्ण ऐकू येतात.

दुसरीकडे काय चाललंय ते हाताने बदलल्या जाणाऱ्या पांढऱ्या फलकांवर कळतं. लाल आकडा म्हणजे पारच्या खाली, हिरवा म्हणजे पार किंवा वर. २०२५ च्या रविवारी रॉरी मॅकिलरॉयने तेराव्यावर सोप्या अंतरावरून चेंडू ओढ्यात घातला, ते तिथल्यांनी पाहिलं. बाकीच्या मैदानाला ते फलकावरची पाटी बदलली तेव्हा कळलं. शेवटी बरोबरी झाल्यावर त्याने जस्टिन रोजला अठराव्यावर प्लेऑफमध्ये हरवलं. आकडा बदलताच शंभर माणसं एकदम 'अरे!' करतात, हा प्रकार क्रिकेटच्या मैदानावर अनुभवायला मिळत नाही. ज्याला सतत सगळं कळायला हवं असतं त्याला मात्र हे असह्य होईल.

चढ-उतारांबद्दल कितीही सांगितलं तरी थोडंच. टीव्ही सगळं सपाट करतो. दहाव्या होलची टी ते ग्रीन हा सरळ उतार आहे, खाली जाताना मजा वाटते आणि दुपारी वर येताना गुडघे बोलू लागतात. बुटांना पकड हवी, पण धातूचे खिळे चालत नाहीत. आई-वडील भारतातून आले असतील आणि बरोबर असतील तर त्यांना खाली नेऊच नका. पहिली टी, नववं आणि अठरावं ग्रीन, दहावी टी आणि पटिंगचा सराव हे सगळं क्लब हाऊसभोवती वरच्या अंगालाच आहे. त्यांचा दिवस तिथे मजेत जातो. एप्रिलमध्ये जॉर्जियात पाइनचा पिवळा पराग हवेत भरलेला असतो, ॲलर्जीची गोळी सकाळीच घ्या.

खाणं स्वस्त, इतकं की पहिल्यांदा पाटी चुकली असं वाटतं. २०२५ मध्ये पिमेंटो चीज किंवा अंड्याचं सँडविच दीड डॉलर, चिकन सँडविच तीन, पीच आइस्क्रीम सँडविच तीन, बिअर सहा. पिमेंटो चीज म्हणजे किसलेलं चीज, मेयोनेज आणि लाल गोड मिरचीचे तुकडे, मऊ पांढऱ्या ब्रेडमध्ये. चव बरी, तिखटपणा नावालाही नाही. मेयोनेजमध्ये अंडं असतं, तेव्हा कडक शाकाहारींना वेफर्स, पॉपकॉर्न आणि कुकीवर भागवावं लागतं. त्यांनी न्याहारी भरपेट करून यावं. रांगा लांब दिसतात पण भराभर सरकतात. स्वच्छतागृहांचंही तसंच. आत उभे असलेले लोक रांगेला अक्षरशः हाकतात, आणि बारा वाजताही फरशी कोरडी.

दुकान ही वेगळीच परीक्षा. हा माल सर्वसामान्यांना ऑनलाइन मिळत नाही, म्हणून प्रत्येक जण दहा जणांची यादी घेऊन आलेला असतो. बागेत ठेवायचा बुटका बुवा (गार्डन नोम) हवा असेल तर फाटक उघडताच तिकडेच जावं लागतं, तो लवकर संपतो. नको असेल तर सकाळी दुकान पूर्ण टाळा, दुपारनंतर जा. घेतलेलं सामान आतच जमा करून ठेवता येतं किंवा घरी पाठवता येतं. टोप्या चांगल्या टिकतात. शर्टांचे भाव मात्र सँडविचच्या भावांची भरपाई करून घेतात.

वीज कडाडली की मैदान रिकामं करतात. २०२३ मध्ये शुक्रवारी सतराव्या टीजवळ पाइनची झाडं कोसळली होती, सुदैवाने कोणाला लागलं नाही. त्यामुळे भोंगा वाजल्यावर झाडाखाली आडोसा शोधू नका, सांगतील तिकडे निघा. २०२५ च्या सोमवारी पावसाने सराव अर्ध्यावरच बंद पडला, तेव्हा क्लबने तिकिटाचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीचं तिकीट घ्यायचा हक्कही दिला. इतका दिलदारपणा इतरत्र दिसत नाही.

वागण्याचे नियम थोडे आहेत पण ते खरोखर पाळले जातात. कॅडीने किंवा रखवालदाराने हात वर केला की जिथे असाल तिथे थांबा, खुर्चीची घडीही करू नका. पहिल्याचा चेंडू होलमध्ये गेला म्हणून उठू नका, गटातल्या बाकीच्यांचे पट बाकी असतात. सही मागायची ती फक्त सरावाच्या दिवशी, क्लब हाऊसच्या वाहनतळाकडच्या ठरलेल्या जागेत.

पार्किंग फुकट आहे, पण संध्याकाळी वॉशिंग्टन रोड तुंबतो. शेवटचा गट सतराव्यावर असतानाच निघालात तर आय-२० ला लवकर लागाल. तो गट अठराव्यावर पाहायचाच असेल तर नंतर तासभर मैदानातच रेंगाळा, एक आइस्क्रीम घ्या. गाडीत बसून तोच तास घालवण्यापेक्षा ते परवडतं.