हवाई अंतराचं ॲप: बेळगाव–काठमांडूसाठी काही महिने वापरल्यावर

खानापूर-बेळगाव भागातल्या मंडळींना पशुपतिनाथाला न्यायचं आमचं काम. त्यामुळे दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं हे ॲप गेल्या पावसाळ्यापासून रोज उघडतोय. फुकट आहे, रेंज कमी असली तरी चालतं. जाहिराती मात्र फार.

किलोमीटरबद्दल तक्रार नाही. दिल्ली–काठमांडू सुमारे ८१५, बंगळूर–काठमांडू १,८०० च्या आसपास; नकाशावर ताडून पाहिलं, जुळतं. घोळ आहे तो वेळेत. बेळगाव–काठमांडू टाकलं की ॲप सांगतं: १,७२० किलोमीटर, २ तास ४० मिनिटं. असं थेट विमानच नाही! ॲप सरळ रेषेतलं अंतर घेतं, त्याला ताशी ८०० च्या आसपासच्या वेगानं भागतं आणि विमानाच्या वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतं, एवढंच. पण ग्राहकाच्या मोबाईलवर तोच आकडा दिसतो आणि मग फोन येतो, "काय ओ, तीन तासांचं काम, तुम्ही दोन दिवस का धरलाय?"

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, दिल्लीमार्गे जा नाहीतर बंगळूरमार्गे, दोन्हीकडून अंतर साधारण २,२५० भरतं. बंगळूरला जाताना तर आधी उलट दिशेला, दक्षिणेला उतरायचं. त्यात आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधीची हजेरी. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मधल्या विमानतळावर सामान उतरवून पुन्हा चेक-इन. यातलं एक मिनिटही ॲपच्या हिशोबात नाही.

दिल्लीहून पुढचा टप्पा ॲपमध्ये दीड तासाचा, तिकिटावर त्याहून जास्त. तिकीट खरं माना. काठमांडूला धावपट्टी एकच, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, चारी बाजूंना डोंगर. हिवाळ्यात सकाळी दरीत धुकं साचलं की विमानं वर घिरट्या घालत राहतात, कधी दुसऱ्या विमानतळाकडे वळवतात. डिसेंबर-जानेवारीत आम्ही सकाळचं विमान शक्यतो घेतच नाही. शिवाय हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणून परतीला वेळ जास्त लागतो. ॲप मात्र दोन्हीकडचा आकडा एकच दाखवतं.

घड्याळाची गंमत वेगळीच. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापतात, म्हणून जाताना प्रवास पाव तास लांब आणि येताना पाव तास आखूड दिसतो. पुढचं विमान पकडायचं असेल तर हा हिशोब आधीच करून ठेवा. ॲपमध्ये वेळेतला फरक दाखवलाय, पण खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात; साठीच्या मावशींना तो दिसणार कसा?

आणखी एक, जे कुठलंच ॲप सांगत नाही: दिल्लीहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागा, येताना उजव्या. हिमालय उत्तरेला आहे. (पशुपतिनाथाचे भट्ट परंपरेने कर्नाटकातलेच, हे आमच्या गटातल्या लोकांना तिथं गेल्यावर कळतं आणि मग त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायची घाई होते.)

अंतर बघायला, दोन मार्गांची तुलना करायला घ्या. वेळेचा आकडा ग्राहकाला पाठवू नका. माझ्याकडून पाचापैकी तीन तारे. थेट विमान आहे की नाही एवढं जरी दाखवलं तरी चौथा देईन.