पिठीसाखर घेताना काट्यावरच घ्या

दिवाळीच्या आधी कोपऱ्यावर लागलेल्या एका स्टॉलवरून मी दोन किलो पिठीसाखर घेतली. किलोला 60 रुपये. त्याच्याकडे काटा होता, पण "सेल संपलेत ताई, किलोचं मापच आहे हे" म्हणत तो पत्र्याच्या मापाने देत होता. चाळणी थेट मापावर धरायची, साखर भुरभुरत शीग लागेपर्यंत पडू द्यायची, वरून पट्टी फिरवायची की माप पिशवीत. एकदाही आपटलं नाही. माझी आजी पायलीने धान्य घ्यायची तेव्हा माप हलवून, बसवून घ्यायची. तेव्हा ते आठवलं असतं तर!

सव्वा किलो बेसन भाजून त्यात एक पिशवी अख्खी घातली. लाडू फिके झाले. सासूबाईंना वाटलं, बेसन जास्त पडलं. न उघडलेली दुसरी पिशवी काट्यावर ठेवली, तर 570 ग्रॅम!

तशीच पिशवी घेऊन स्टॉलवर गेले. तो म्हणाला, "मापात पाप नाही ताई, लिटरचं माप आहे, पाणी भरून बघा." माप खरंच लिटरचं होतं. गोम तिथेच आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, हे पाण्याचं गणित. दाणेदार साखर त्याच मापात साधारण 850 ग्रॅम बसते. तीच दळून चाळली की कणाकणांत हवा राहते आणि वजन साडेपाचशे-सहाशेच्या आसपास येतं. म्हणजे मला पिठीसाखर किलोला 105 रुपयांनी पडली. पैसे त्याने परत दिले नाहीत.

साखर ही वजनावर घ्यायची वस्तू आहे. काटा बंद असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. कोणी असं फसवलं तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबरही आहे. घरातही जपा: 240 मिलीच्या कपात साखर 200 ग्रॅम मावते, पिठीसाखर मात्र 120 च्या आसपासच. एकीच्या जागी दुसरी कपाने मोजून घातली की पदार्थ बिघडलाच.

संध्याकाळी लाडू फोडून, साखर वजन करून पुन्हा मळले. तोवर इमारतीतल्या चौघीजणी त्याच स्टॉलच्या पिशव्या घेऊन आमच्या काट्याशी आल्या होत्या. एकही पिशवी सहाशेच्या वर गेली नाही.