दोन विनोदपट, लोकगीतांचे दोन अल्बम

‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) आणि ‘अ माइटी विंड’ (२००३) हे दोन्ही अमेरिकी विनोदपट, आणि दोन्हींचा जीव लोकसंगीतात. पहिल्यात जॉर्ज क्लूनी नुसते ओठ हलवतो, गळा डॅन टिमिन्स्कीचा. दुसऱ्यात उसनवारी नाही, नटच गातात आणि वाजवतातही.

‘ओ ब्रदर’चा अल्बम सुरू होतो तो लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने १९५९ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगात ध्वनिमुद्रित केलेल्या कैद्यांच्या गाण्याने. वाद्य एकही नाही. लाकडावर पडणाऱ्या कुऱ्हाडींचाच ठेका. पुढे गायक राल्फ स्टॅन्ली साथीशिवाय मृत्यूची विनवणी करतो, तेव्हा हा विनोदी चित्रपटाचा अल्बम आहे हे साफ विसरायला होतं. २००२ च्या ग्रॅमीत तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. रास्तच.

‘माइटी विंड’ साठच्या दशकातल्या गोडगोड लोकगीत-मंडळींची फिरकी घेतो. पण ‘अ किस ॲट द एंड ऑफ द रेनबो’ थट्टेच्या ओघात खरोखरच हळवं होऊन बसतं; त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. बाकीच्या गाण्यांतली गंमत मात्र चित्रपट पाहिल्यावरच पुरती कळते. नुसतं ऐकायचंच असेल, तर मी डोळे झाकून ‘ओ ब्रदर’ लावीन.